षड्जाचा रंग

ध्वनी आणि रंग यांना एकत्र आणणारे काम करायचे ठरले की चित्रकार सर्वांत आधी कोष्टक शोधू लागतो. एका रकान्यात स्वर, समोर रंग. एवढे हाती आले की पुढचे सारे कुंचल्याचे, अशी त्याची समजूत असते. कोष्टकांना तोटाही नाही. लुई बर्त्राँ कास्तेल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने अठराव्या शतकात रंग दाखवणाऱ्या हार्प्सिकॉर्डची कल्पना मांडली, तेव्हा सी या स्वराला त्याने निळा रंग दिला. रशियन संगीतकार अलेक्सांद्र स्क्र्याबिनच्या लेखी सी मेजर तांबडा होता, तर त्याचाच समकालीन आणि देशबांधव रिम्स्की-कोर्साकोव्ह याच्या लेखी तोच सी मेजर पांढरा. आपल्याकडे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला; त्यातला षड्ज कमळाच्या रंगाचा आहे. यांतला एक जण सुट्या स्वराबद्दल बोलतो, दोघे स्वरपट्टीबद्दल, आणि चौथ्याचा षड्ज कोणत्याही उंचीवर बसतो, हा फरक ध्यानात घेतला तरी सगळे आधारस्वराबद्दलच बोलत आहेत आणि चौघांची चार उत्तरे आहेत. या प्रस्तावनेत मला एकच म्हणणे मांडायचे आहे. असे कोष्टक निसर्गात कुठे लिहून ठेवलेले नाही, ते दर वेळी कोणीतरी बांधलेले असते. आणि ही गोष्ट जो प्रकल्प सुरुवातीलाच कबूल करतो, त्याला ध्वनीकडून घेण्यासारखे खूप काही सापडते.

यावर पहिला आक्षेप पदार्थविज्ञानाच्या नावाने येतो. ध्वनी हे कंपन, प्रकाश हेही कंपन. कंपनसंख्या दुप्पट केली की वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो, मग दुप्पट करतच राहिलो तर कधी तरी रंगापाशी पोहोचायला काय हरकत आहे? हिशेब करून पाहता येतो. ए हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा. तो चाळीस वेळा दुप्पट केला की सुमारे ४८४ लाख कोटी कंपने होतात आणि तेवढ्या वारंवारितेचा प्रकाश नारिंगी दिसतो. त्याची तरंगलांबी ६२० नॅनोमीटरच्या आसपास असते. गणित चोख आहे, अडचण गणिताच्या बाहेर आहे. ध्वनी ही हवेच्या दाबाची लाट, प्रकाश ही विद्युतचुंबकीय लाट. पहिली चाळीस सप्तके चढून दुसरी होत नाही. शिवाय माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणजे जवळपास दहा सप्तके. डोळ्याच्या वाट्याला तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत साधारण ४०० ते ७९० लाख कोटी हर्ट्झचा पट्टा येतो, म्हणजे एक सप्तकसुद्धा पुरते नाही. मध्य सप्तकातला सा आणि तार सप्तकातला सा ऐकून ‘हा तोच’ असे जे वाटते, ज्याच्यावर जगातल्या बहुतेक संगीताची उभारणी झाली आहे, तो अनुभव घेण्याची संधीच डोळ्याला मिळत नाही. दुप्पट होण्याआधीच दृश्य प्रकाश संपतो.

ही तुलना रूढ करण्यात न्यूटनचा मोठा वाटा आहे. वर्णपटात आधी तो पाच मुख्य रंग मोजत असे. पुढे त्याने नारिंगी आणि पारवा घालून सात केले आणि १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये त्या सात रंगांची वाटणी स्वरसप्तकातल्या अंतरांच्या प्रमाणात केली. शाळेत सगळ्यांनी घोकलेल्या ‘तानापिहिनिपाजा’तला पारवा इंद्रधनुष्यात नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे बोट ठेवून दाखवणे अवघड जाते, यात पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा दोष नाही. संगीतात सात आहेत म्हणून तो तिथे आला.

वारंवारितेहून मोठी अडचण इंद्रियांच्या कामाच्या पद्धतीत आहे, आणि प्रकल्प करणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी भेडसावते. सा आणि पंचम एकत्र छेडले तर कानाला दोन्ही ऐकू येतात. तानपुऱ्याच्या चार तारांचा गुंजारव कितीही दाट असला तरी जाणता कान त्यातला पंचम वेगळा काढतो, इतकेच काय, कोणी न छेडलेला गंधारही त्यात ऐकतो. डोळ्याचे तसे नाही. एकाच जागी तांबडा आणि हिरवा प्रकाश पाडला की पिवळा दिसतो, आणि कितीही निरखून पाहिले तरी त्यातला तांबडा परत काढता येत नाही, कारण डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशी आलेल्या प्रकाशाचा गोळाबेरीज हिशेबच मेंदूकडे पाठवतात. किरमिजी रंगाला स्वतःची तरंगलांबीच नाही. तपकिरी म्हणजे उजळ रंगांच्या शेजारी ठेवलेला मंद नारिंगी. तेव्हा दर स्वराला एक रंग देऊन स्वरमेळाच्या जागी त्या रंगांचे मिश्रण करणाऱ्या संगणकीय कामांत पडद्यावर शेवटी चिखल उरतो, याचे नवल वाटू नये. कानाने सुटे ठेवलेले सगळे तिथे डोळ्याने कालवून टाकलेले असते.

आपल्या संगीताच्या बाजूने पाहिले तर या कोष्टकाची फजिती आणखी उघड होते. समजा, एक गायक काळी एकमध्ये भूप गातो आणि एक गायिका काळी पाचमध्ये. मघाचाच दुपटीचा हिशेब लावला तर गायकाचा षड्ज ४९२ नॅनोमीटरला, म्हणजे निळसर हिरव्यावर येतो आणि गायिकेचा ५८५ ला, पिवळ्यावर. पुढचे सगळे स्वरही त्याच मापाने सरकतात. म्हणजे एकाच रागाची दोन चित्रे रंगांनी एकमेकांना परकी झाली, पण मैफलीत बसलेल्या कोणालाही हे दोन वेगळे राग वाटणार नाहीत. कोष्टकाने पेटी जुळवणाऱ्याच्या कामाचा आकडा अचूक टिपला आणि भूप निसटू दिला. ज्या ४४० वर हा हिशेब उभा आहे, तोही १९३९ साली लंडनच्या परिषदेत माणसांनी ठरवलेला आहे. त्याआधी १८५९ मध्ये फ्रान्सने कायद्याने ४३५ ठरवला होता. समाजमाध्यमांवर ४३२ हर्ट्झला विश्वाचा स्वर म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की हर्ट्झ हे माप सेकंदावर बेतलेले आहे, आणि दिवसाचे ८६,४०० भाग विश्वाने केलेले नाहीत.

मग शास्त्रग्रंथांचे काय, असे कोणी विचारील. प्राचीनांनी स्वरांना रंग दिलेच होते, तर त्यांना काहीतरी दिसले असेलच ना? शार्ङ्गदेवाची यादी पाहू. षड्ज कमळासारखा, ऋषभ पिंगट, गांधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा शुभ्र, पंचम काळा, धैवत पिवळा, निषाद कबरा. नारदीय शिक्षेतली त्याहून जुनी यादीही बरीचशी अशीच आहे. शेजारच्या दोन स्वरांत एक पांढरा आणि एक काळा. सोनेरी आणि पिवळा यांच्यामध्ये दोन स्वरांचे अंतर. वर चढताना रंग उजळतात असेही नाही आणि इंद्रधनुष्याचा क्रमही नाही. कंपनसंख्येतून हा क्रम निघणे शक्य नाही. आणि हे रंग एकटे येत नाहीत. त्याच प्रकरणात प्रत्येक स्वराला देवता आहे, ऋषी आहे, छंद आहे, द्वीप आहे, जातीही आहे. रंगांच्या यादीत प्राचीन विज्ञान पाहणाऱ्याने मग षड्ज ब्राह्मण आणि ऋषभ क्षत्रिय हेही प्रयोगाने सिद्ध झालेले मानावे. रंग तेवढे उचलायचे आणि जात गाळायची, ही सोयीची निवड झाली. शार्ङ्गदेवाला त्याच्या काळाचे सगळे ज्ञान एका चौकटीत बसवायचे होते आणि ती चौकट त्याने फार कसोशीने बसवली. आजच्या चित्रकाराने त्याच्याकडून रंगांपेक्षा ही कसोशी उचलावी, असे माझे मत आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रंग राहू देत, पण आकार? १७८७ मध्ये एर्न्स्ट क्लाड्नी याने पातळ पत्र्यावर वाळू पसरून कडेवर गज ओढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पत्रा गाऊ लागतो, वाळू थरथरत सरकते आणि जिथे पत्रा हलत नाही त्या रेघांवर जाऊन थांबते. क्षणात चांदण्या, जाळ्या, वळसे उमटतात. विसाव्या शतकात हान्स येनी याने १९६७ च्या पुस्तकात याला सायमॅटिक्स असे नाव दिले आणि तेव्हापासून ‘ध्वनीचे खरे रूप’ म्हणून ही छायाचित्रे जगभर फिरत आहेत. इथे मध्ये कोणी कोष्टक घातलेले नाही, ध्वनी स्वतःच चित्र काढतो, असा दावा आहे. पण चौकोनी पत्र्याच्या जागी गोल पत्रा घ्या, त्याच कंपनसंख्येला आकृती बदलते. जाडी बदला, बदलते. गज ओढताना कडेवर बोट टेकवा आणि ते दोन इंच सरकवा, पुन्हा बदलते. आकृती पत्र्याची असते. ध्वनी तिला जागे करतो.

हे सी. व्ही. रामन यांच्या वाद्यांवरच्या संशोधनात फार सुंदर दिसते. मृदंगाच्या पुडीवर बारीक वाळू टाकून त्यांनी तिची स्थिर रेषांची जाळी टिपली. साध्या, एकसारख्या चामड्याच्या ढोलाचे उपस्वर एकमेकांशी सुसंगत नसतात, म्हणून त्याचा नुसता धमाका ऐकू येतो, स्वर लागत नाही. मृदंगाच्या किंवा तबल्याच्या पुडीवर मधोमध शाई असते. थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून ती मध्यावर जाड आणि कडेला पातळ केलेली असते. या वजनामुळे पुडीच्या कंपनाचे पहिले नऊ प्रकार पाच सुसंगत स्वरांत येऊन बसतात, असे रामन यांनी दाखवले. वाळूत उमटलेल्या त्या रेघांवर कंपनसंख्येचा जेवढा हक्क आहे, तेवढाच शाई घोटणाऱ्या कारागिराचाही आहे. सायमॅटिक्सवर आधारलेल्या प्रकल्पाने पत्रा कोणता, पुडी कोणती, पाणी किती हे चित्राखाली लिहिले तर त्याची जादू कमी होणार नाही. उलट बघणाऱ्याला कळेल की तो नेमके काय पाहतो आहे.

आता सिनेस्थेशियाकडे वळू. एका इंद्रियाच्या अनुभवाबरोबर दुसऱ्या इंद्रियाचा अनुभव आपोआप, न मागता येणे, असा हा प्रकार. त्याचे पहिले वैद्यकीय वर्णन १८१२ मध्ये गेओर्ग झाक्स या जर्मन विद्यार्थ्याने स्वतःबद्दल लिहिलेल्या प्रबंधात सापडते. ज्युलिया सिम्नर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्याचे प्रमाण सर्व प्रकार धरून सुमारे ४ टक्के निघाले. हे ढोंग नाही हे तपासण्याची रीत सोपी आहे. आज अक्षरांना किंवा स्वरांना रंग निवडायला सांगायचे आणि पुष्कळ दिवसांनी, आधी न सांगता, पुन्हा विचारायचे. खऱ्या सिनेस्थेटची उत्तरे जवळजवळ तीच येतात, इतरांची भरकटतात. पण दोन सिनेस्थेटांची उत्तरे एकमेकांशी जुळतातच असे नाही. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि स्क्र्याबिन यांचे डी मेजर पिवळा आहे यावर एकमत होते आणि सी मेजरवर मतभेद. शिवाय या जोड्या जन्मजातच असतात असेही नाही. नेथन विटहॉफ्ट आणि जोनथन विनावर यांनी २०१३ मध्ये अकरा सिनेस्थेटांची नोंद केली. त्यांच्या अक्षरांचे रंग लहानपणी फ्रिजवर चिकटवायला मिळणाऱ्या एका खेळण्यातल्या चुंबकी अक्षरांशी जुळत होते. म्हणजे सिनेस्थेशिया पक्का असतो, अस्सल असतो आणि तरीही एकेकट्याचा असतो. त्याच्याकडून सगळ्यांना लागू पडणारे कोष्टक मागणे म्हणजे त्याच्या स्वभावाविरुद्ध त्याची साक्ष काढणे आहे.

तरी या खासगी रंगांच्या खाली सगळ्यांच्या मालकीची थोडी जमीन आहे, आणि प्रकल्पाच्या दृष्टीने तीच मोलाची. जेमी वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सिनेस्थेट आणि इतर अशा दोन्ही गटांना वेगवेगळे स्वर ऐकवून रंग निवडायला सांगितले. सिनेस्थेटांच्या निवडी अधिक नेमक्या आणि अधिक टिकाऊ होत्या. पण उंच स्वराला उजळ रंग आणि खालच्या स्वराला गडद रंग, हा कल दोन्ही गटांत होता. वोल्फगांग क्योलर याने १९२९ मध्येच दाखवले होते की एका गोलसर आणि एका टोकदार आकृतीसमोर दोन निरर्थक शब्द ठेवले तर कोणता शब्द कोणत्या आकृतीचा यावर लोक बहुधा सहमत होतात. ऑलिव्हिए मेसियाँ हा फ्रेंच संगीतकार आपल्या स्वरमेळांना अतिशय खास रंग सांगत असे, १९६३ च्या एका रचनेत तर त्याने स्वरलिपीतच रंगांची नावे लिहिली. ते रंग त्याचे एकट्याचे. पण तोच स्वरमेळ एक सप्तक वर नेला की रंग पांढऱ्याकडे झुकतो आणि खाली नेला की काळ्याकडे, हे त्याचे निरीक्षण वाचून कोणाही श्रोत्याला परके वाटत नाही. निळा की तांबडा, हा प्रश्न माणसागणिक सुटतो. उजळ की गडद, धारदार की गोल, खरखरीत की गुळगुळीत, या प्रश्नांवर बरेच जण एका बाजूला येतात.

इथे कोणी म्हणेल, कोष्टक जर माणसाने बांधलेलेच असते, तर मग काहीही चालेल. स्क्र्याबिनचे उदाहरण याला उत्तर म्हणून पुरेसे आहे. ‘प्रोमिथिअस’ या १९१० च्या रचनेत त्याने प्रकाशवाद्यासाठी वेगळी ओळ लिहिली, तीही सुरांच्याच लिपीत, इतर वाद्यांच्या ओळींच्या वर. त्या ओळीत दोन पदर आहेत. एक स्वरमेळाच्या आधारस्वराबरोबर भराभर बदलतो, दुसरा फार संथपणे, रचनेच्या मोठ्या टप्प्यांबरोबर. रंगांचा क्रमही पाहण्यासारखा आहे: सी तांबडा, जी नारिंगी, डी पिवळा, ए हिरवा. हा कंपनसंख्येचा चढता क्रम नाही. एका स्वरावरून त्याच्या पंचमावर, तिथून पुढच्या पंचमावर, असा तो जातो. ज्यांच्यात षड्ज-पंचम भाव आहे ते स्वर रंगाने शेजारी आले आणि पेटीवर शेजारी असलेले सी आणि सी शार्प रंगाने दूर गेले. ही मांडणी इतकी सुबक आहे की स्क्र्याबिनला हे रंग खरोखर दिसत होते की त्याने ते विचारपूर्वक ठरवले, याबद्दल अनेक अभ्यासकांना शंका आहे. मला ही शंका त्याच्या बाजूची वाटते. आकड्यांऐवजी त्याने स्वरांमधले नाते निवडले आणि अखेरपर्यंत पाळले. १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ही रचना प्रकाशासह झाली, तेव्हा रंग एका लहान पडद्यावर पडले. त्याच्या मनात अख्खे सभागृह प्रकाशात बुडवायचे होते. प्रयोग तोकडा पडला, पण नियमाला त्याने बाध आला नाही, आणि म्हणूनच पुढे चांगली साधने आल्यावर ती ओळ पुन्हा वाजवता आली.

शेवटचा आक्षेप हक्काचा आहे. ज्याला स्वतःला सिनेस्थेशिया नाही त्याने त्याच्या नावाने काम करावे का? नाव मिरवायला घेतले असेल तर करू नये, हे स्पष्टच आहे. अनेकांना हा अनुभव आयुष्यभर सोबत असतो आणि प्रत्येकाला तो सुखाचाच असतो असे नाही. पण प्रेरणा म्हणून घेण्याला हरकत दिसत नाही. कांडिन्स्कीने जानेवारी १९११ मध्ये म्यूनिकला श्योनबर्गचे संगीत ऐकले आणि लगेच ‘इम्प्रेशन ३’ रंगवले. पियानोचा काळा आकार आणि त्याच्याभोवती कॅनव्हास गिळून टाकणारा पिवळा, श्रोत्यांच्या आकृत्या कशाबशा उरलेल्या. कांडिन्स्की खरा सिनेस्थेट होता का, यावर एकमत नाही, आणि ते झाले तरी त्या पिवळ्यात काही फरक पडणार नाही. त्यात एकाही स्वराचे भाषांतर नाही. सभागृहात ध्वनीचा जो भार झाला होता, त्याचे वजन त्यात आहे.

या सगळ्यातून रागसंगीतावर काम करू पाहणाऱ्यासाठी एक व्यावहारिक दिशा निघते. दरबारी कानडा आणि अडाणा यांचे स्वर जवळपास तेच. स्वरागणिक रंगाचे कोणतेही कोष्टक, न्यूटनचे घ्या की शार्ङ्गदेवाचे, या दोन रागांची जवळजवळ सारखीच चित्रे काढून देईल. ऐकणारा मात्र दोन-तीन सुरांतच ओळखतो. दरबारीत गंधार अतिकोमल असतो, आंदोलित असतो, आणि राग खालच्या सप्तकात रेंगाळतो. अडाणा वरच्या सप्तकात चपळाईने फिरतो आणि गंधारावर तसा झुलत थांबत नाही. फरक आहे तो उंचीत, गतीत आणि थांबण्यात, म्हणजे नेमका अशा गोष्टींत ज्या उजेड-अंधार आणि रेषा यांत उतरवता येतात आणि ज्यांवर बहुतेक डोळ्यांचे एकमत होऊ शकते. ध्वनिमुद्रणावरून स्वराच्या चढउताराचा आलेख आज साध्या संगणकावर काढता येतो. त्या आलेखात दरबारीचा गंधार एका बिंदूवर उभा दिसत नाही, रिषभाच्या बाजूने वर येऊन पुन्हा खाली झुकणारी संथ लाट दिसते. अशा प्रकल्पाचा पहिला आराखडा शिसपेन्सिलीने व्हावा: आडवी काळाची रेघ, तिच्यावर ही लाट, ती किती सेकंद चालली, कितपत रुंद झाली, कुठे विरली, आणि शेजारच्या कागदावर अडाण्याचा तोच गंधार.